माहितीची अमानत आणि नकलेची खियानत

सूरह अल्-अहज़ाबच्या अखेरीस अल्लाहने एका अमानतीचा उल्लेख केला आहे. आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांच्यापुढे ती ठेवण्यात आली तेव्हा ते भयभीत झाले व तिचा भार उचलण्यास त्यांनी असमर्थता दर्शविली. मानवाने मात्र ती उचलली (३३ : ७२). भाष्यकारांनी या अमानतीचे अनेक अर्थ सांगितले आहेत. ईश्वरी आदेशांची जबाबदारी हा त्यांतील व्यापक अर्थ होय. या मोठ्या अमानतीच्या पोटात दैनंदिन व्यवहारातील असंख्य लहान अमानती सामावलेल्या आहेत. त्यांपैकी एकीला आपल्या काळात पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले आहे. ती म्हणजे कामानिमित्त आपल्या हाती आलेली दुसऱ्याची माहिती.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले गेले ते एका प्रश्नामुळे. गेल्या वर्षी एका रात्री इशाच्या नमाजनंतर जमातीतील एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. तो पुण्यातील एका प्रवासी कंपनीत नोकरी करतो. उमराहचे यात्रेकरू आणि परदेशी सहलीला जाणारे प्रवासी यांचे पासपोर्ट, पॅनकार्ड, छायाचित्रे, पत्ते, भ्रमणध्वनी क्रमांक हे सारे संगणकात नोंदविणे व व्हिसासाठी पुढे पाठविणे हे त्याचे काम. त्याच व्यवसायातील दुसऱ्या एका कंपनीने त्याला अधिक पगार देऊ केला होता. अट एकच होती आणि तीही तोंडी सांगितलेली : येताना जुन्या ग्राहकांची यादी कागदपत्रांसह घेऊन यावी.

“मौलाना,” तो म्हणाला, “यादी जुन्या कंपनीच्या संगणकात जशीच्या तशी राहणार आहे. मी फक्त तिची नक्कल पेन ड्राइव्हवर घेणार. कोणाचे काहीच कमी होत नाही. मग ही चोरी कशी?”

त्याच्याजवळ आणखीही कारणे होती. कंपनीने त्याच्या हक्काचे तीन महिन्यांचे कमिशन अडवून ठेवले होते. घरी विधवा आई होती, बहिणीचा निकाह ठरला होता. शिवाय नवी कंपनी या यादीचा उपयोग लोकांना उमराहला नेण्यासाठीच करणार होती. म्हणजे त्याच्या मते हे एका अर्थी नेक कामच होते.

‘हे नाजायज आहे, करू नकोस,’ एवढे सांगून त्याला वाटेला लावणे मला सहज शक्य होते. परंतु त्याचा प्रश्न प्रामाणिक होता आणि नुसत्या नकाराने त्याचे समाधान झाले नसते. खरे सांगायचे तर, माझेही झाले नसते. मी त्याच्याकडे दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत जे वाचले आणि ज्यावर विचार केला ते येथे मांडत आहे.

कोणाचे काहीच कमी होत नाही?

आपल्या फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, चोरीची व्याख्या करताना फार काटेकोरपणा दाखविला आहे. वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असावी, ती सुरक्षित जागी ठेवलेली असावी आणि तेथून ती गुपचूप उचलून नेलेली असावी, अशा अटी त्यांनी घातल्या. उचलून नेली म्हणजे मूळ जागी ती उरत नाही. या व्याख्येकडे पाहता त्या तरुणाच्या बोलण्यात तथ्य आहे असे वाटू लागते. नकलेमुळे मूळ वस्तू हलत नाही. घागरीतून पाणी काढले तर घागर रिकामी होते, पण दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचा उजेड कमी होत नाही. माहिती ही घागरीतील पाण्यासारखी नसून दिव्याच्या ज्योतीसारखी आहे, असा हा युक्तिवाद.

याचे उत्तर मला हदीसमधील एका प्रसंगात सापडले. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या खोलीत होते. त्यांच्या हातात केस विंचरण्याचे एक लोखंडी साधन होते. एका माणसाने भिंतीच्या छिद्रातून आत डोकावून पाहिले. प्रेषितांना हे समजले तेव्हा त्यांनी अत्यंत कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली. तू डोकावतो आहेस हे मला आधी कळले असते तर हेच साधन मी तुझ्या डोळ्यात खुपसले असते, अशा आशयाचे ते शब्द होते. पुढे त्यांनी सांगितले की, परवानगी मागण्याचा नियम घालून देण्यात आला तो नजरेसाठीच. हा प्रसंग सहीह बुखारीमध्ये आलेला आहे.

या प्रसंगाचा नीट विचार करावा. त्या माणसाने खोलीतून काहीही उचलले नव्हते. खोलीतील वस्तू होत्या तेथेच होत्या. त्याने नेली ती केवळ एक नजर, म्हणजे आतल्या दृश्याची एक नक्कल. ‘कोणाचे काय कमी झाले?’ हा प्रश्न त्यालाही विचारता आला असता. तरीही दयेचे सागर असलेल्या प्रेषितांनी त्याची गय केली नाही. कारण घरात आपल्याला कोणी पाहावे आणि कोणी पाहू नये हे ठरविण्याचा जो अधिकार घरातल्या माणसाला असतो, तो त्याच्याकडून हिरावून घेतला गेला होता. सूरह अन्-नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून जाऊ नये आणि परत जा असे सांगितले गेले तर परत फिरावे, असा आदेश आहे (२४ : २७-२८). तेथे रक्षण केले आहे ते भिंतींचे नव्हे, तर घरातील माणसाच्या संमतीचे.

म्हणून त्या तरुणाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, कमी झाले ते यादीतून नव्हे. ज्या स्त्रीने आपला पासपोर्ट उमराहच्या व्हिसासाठी दिला होता, तिने तो त्या एका कामासाठी दिला होता. तिची संमती तेवढ्यापुरतीच होती. नक्कल झाली त्या क्षणी तिची संमती तिच्या नकळत ओलांडली गेली. चोरीची व्याख्या येथे पूर्णांशाने लागू होवो अगर न होवो, खियानतीची व्याख्या निश्चितपणे लागू होते. आणि खियानत ही काही चोरीची धाकटी बहीण नव्हे. चोर परका असतो. खियानत करणाऱ्यावर तर आपण विश्वास ठेवलेला असतो. बोलला तर खोटे बोलणे, वचन दिले तर मोडणे आणि अमानत सोपविली तर खियानत करणे या तीन गोष्टी प्रेषितांनी (स.) दांभिकाची लक्षणे म्हणून सांगितल्या आहेत.

शिक्क्याची गोष्ट

कोणी म्हणेल, संमती ओलांडली हे मान्य. पण प्रत्यक्ष नुकसान काय झाले? त्यासाठी आणखी एक प्रसंग पाहू. प्रेषितांनी (स.) परदेशी राज्यकर्त्यांना पत्रे पाठविण्याचे ठरविले तेव्हा, शिक्का नसलेले पत्र ते लोक स्वीकारत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून त्यांनी चांदीची एक अंगठी करवून घेतली. तिच्यावर ‘मुहम्मद रसूलुल्लाह’ अशी अक्षरे कोरलेली होती. त्याच वेळी त्यांनी इतरांना आपल्या अंगठीवर तशी अक्षरे कोरण्यास मनाई केली. पुढे ती अंगठी हजरत अबू बक्र (रजि.), हजरत उमर (रजि.) आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडे क्रमाने आली. हजरत उस्मान (रजि.) यांच्या हातून ती अरीसच्या विहिरीत पडली. तीन दिवस शोध घेतला गेला, पण ती सापडली नाही.

मनाई अंगठीला नव्हती, चांदीलाही नव्हती. मनाई होती ती एका माणसाची ओळख दुसऱ्याने वापरण्याला. एकच अक्षरे दोन बोटांवर असतील तर पत्र कोणाचे हे कोणी कसे ओळखावे? आज सामान्य माणसाचा शिक्का म्हणजे त्याचा आधार क्रमांक, पॅन, पासपोर्ट, बोटांचे ठसे आणि भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी. हा शिक्का दुसऱ्याच्या हाती गेला की त्याच्या नावाने सिमकार्ड घेतले जाते, कर्ज उचलले जाते, फसवणुकीचा पैसा फिरविण्यासाठी बँकेत खाते उघडले जाते. मग एखाद्या दिवशी वसुली करणारे लोक किंवा पोलीस त्याच्या दारात उभे राहतात, आणि जे कर्म आपण केलेच नाही त्याचा खुलासा करीत तो गरीब माणूस हेलपाटे घालत राहतो. दुसऱ्याची ओळख अशा रीतीने वापरणे हा आपल्या देशाच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ क अन्वये गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दिव्याने दिवा लावण्याची उपमा येथे पार कोलमडते. शिक्क्याची नक्कल झाली की मूळ शिक्क्याचे मोल उरत नाही.

ही यादी कोणाची?

तरुणाच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. यादी ‘कंपनीची’ आहे, असे तो समजत होता. म्हणूनच कंपनीने कमिशन बुडविले याचा हिशेब तो यादीशी जोडू पाहत होता. पण ती यादी खरोखर कंपनीची आहे काय?

मराठीचा विद्यार्थी असल्याने मला येथे दोन शब्दांची आठवण होते. घर भाड्याने घेताना आपण ‘अनामत रक्कम’ देतो. हा ‘अनामत’ शब्द म्हणजे अरबी ‘अमानत’च, मराठीच्या तोंडी अक्षरांची अदलाबदल झाली इतकेच. दुसरा शब्द ‘जामीन’. तो अरबी ‘ज़ामिन’पासून आला, म्हणजे हमी घेणारा, भरपाईची जबाबदारी स्वीकारणारा. इस्लामी धर्मशास्त्रात दुसऱ्याची वस्तू ज्याच्या हाती आहे त्याच्या हाताचे दोन प्रकार मानले आहेत : अमानतीचा हात आणि ज़मानतीचा हात. ठेव सांभाळणारा अमीन असतो. त्याने योग्य काळजी घेतली आणि तरीही ठेव नष्ट झाली, तर त्याच्यावर भरपाई नाही. परंतु त्याने मर्यादा ओलांडली अथवा हयगय केली, की तोच हात ज़मानतीचा होतो आणि तो जबाबदार ठरतो. ठेवीचा मालक तो कधीच नसतो. मालकाच्या संमतीशिवाय ती ठेव परक्याच्या हवाली करण्याचाही अधिकार त्याला नाही.

आता यादीकडे पाहावे. पासपोर्ट प्रवाशाचा, नाव त्याचे, चेहरा त्याचा. कंपनी केवळ अमीन आणि नोकर हा त्या अमीनाचा अमीन. म्हणून केवळ नोकराने यादी विकणे नाजायज आहे असे नव्हे; उद्या कंपनीच्या मालकाने स्वतः ‘विकून टाक’ असे सांगितले तरी ते नाजायजच राहील, कारण जी वस्तू त्याचीच नाही तिच्या विक्रीची परवानगी तो कोठून देणार? निर्मात्याची अवज्ञा होत असेल तेथे कोणाचीही आज्ञा पाळावयाची नाही, हा नियम कार्यालयातील साहेबालाही लागू आहे.

आपल्या देशाच्या कायद्यानेही याच दिशेने पाऊल टाकले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तो टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. लोकांची माहिती बाळगणाऱ्या कंपनीला या कायद्याने जे नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘विश्वस्त’ असा होतो. मालक नव्हे, विश्वस्त. सुरक्षेची वाजवी उपाययोजना न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याने जे आता सांगितले ते अमानतीच्या शिकवणीत चौदा शतकांपासून आहे. फरक इतकाच की कायद्याला पुरावा लागतो आणि अल्लाहला पुराव्याची गरज नाही.

कुंपणच शेत खाते तेव्हा

माहितीची चोरी म्हटले की दूरदेशी अंधाऱ्या खोलीत बसलेला कोणी संगणकतज्ज्ञ आपल्या डोळ्यांसमोर येतो. असे हल्ले होतात हे खरे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून खोट्या कार्डांच्या साहाय्याने अनेक देशांतून पैसे काढले गेले व सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. परंतु त्याच पुण्यात २००५ साली घडलेले प्रकरण अधिक अंतर्मुख करणारे आहे. एका कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या काही तरुणांनी अमेरिकेतील बँकेच्या ग्राहकांशी दूरध्वनीवर बोलता बोलता त्यांचा विश्वास संपादन केला, त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. तेथे कोणतेही कुलूप तोडावे लागले नाही. ग्राहकांनी स्वतःच्या तोंडाने क्रमांक सांगितले, कारण पलीकडचा आवाज मदतीसाठी आहे असे त्यांना वाटत होते. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी?

आतल्या माणसाकडून गुपित फुटण्याचा प्रसंग प्रेषितांच्या (स.) काळातही घडला होता. मक्केवरील मोहिमेची तयारी गुप्त ठेवण्यात आली असताना हजरत हातिब बिन अबी बलतआ (रजि.) यांनी कुरैशांना तिची वार्ता देणारे पत्र एका स्त्रीबरोबर रवाना केले. हजरत अली (रजि.) व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला वाटेत गाठले आणि तिने केसांत दडविलेले पत्र काढून दिले. हजरत हातिब हे बद्रच्या लढाईत सहभागी झालेले सहाबी होते. ते कोणी दांभिक नव्हते. त्यांना विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितले की, मक्केत आपल्या कुटुंबाला आधार देणारे कोणी नाही. कुरैशांवर एक उपकार करून ठेवला तर ते त्यांना सांभाळतील, असे आपल्याला वाटले. प्रेषितांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, ते खरे बोलले असे सांगितले आणि त्यांना शिक्षेपासून वाचविले. तथापि सूरह अल्-मुम्तहिनाच्या आरंभी त्या कृतीबद्दल ताकीद अवतरली.

या घटनेपासून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा की, चांगल्या माणसाचाही पाय कुटुंबाच्या काळजीपोटी घसरू शकतो. बहिणीचा निकाह, आईचे आजारपण, थकलेले भाडे ही कारणे खोटी नसतात. दुसरा असा की, कारण खरे असले म्हणून कृती योग्य ठरत नाही. ज्याची चूक झाली त्याचे आधी ऐकून घ्यावे, हा प्रेषितांचा आदर्श मालकांसाठी आहे. आणि गरज ही खियानतीचा परवाना नव्हे, ही ताकीद नोकरांसाठी आहे.

हयगय हीदेखील खियानत

आतापर्यंत जाणूनबुजून केलेल्या खियानतीचा विचार झाला. परंतु बहुतेक अमानती दुष्टाव्याने नव्हे, तर निष्काळजीपणाने बुडतात. ‘अल्लाह रक्षण करील’ असे म्हणून कुलूप न लावणे म्हणजे तवक्कुल नव्हे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, अशी शिकवण दिली. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या भांडारांची जबाबदारी मागितली तेव्हा आपण रक्षण करणारे आहोत आणि जाणणारेही आहोत, असे दोन गुण त्यांनी सांगितले (१२ : ५५). केवळ नीयत नेक असून भागत नाही. रक्षण कसे करावयाचे याचे ज्ञानही हवे.

रंगारी आणि धोबी यांच्याकडे सगळ्या गावाचे कपडे येतात. अशा कारागिराला धर्मशास्त्रात सर्वांचा कामगार, ‘अजीर मुश्तरक’, म्हटले आहे. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) यांनी अशा कारागिरावर सामान्य अमीनापेक्षा अधिक कडक जबाबदारी टाकली, टाळता न येणारी आपत्ती सोडल्यास हरवलेल्या कपड्याची भरपाई त्याने द्यावी, असा त्यांचा कौल आहे. लोकांच्या मालाचे रक्षण व्हावे हा त्यामागील हेतू. हजारो लोकांची कागदपत्रे बाळगणारे रुग्णालय, पतसंस्था, शाळा किंवा प्रवासी कंपनी यांची स्थिती त्या रंगाऱ्यासारखी आहे.

म्हणून या अमानतीचे काही साधे नियम प्रत्येकाने पाळावेत. आपला पासवर्ड सहकाऱ्याला देऊ नये व त्याचा मागू नये. जागेवरून उठताना संगणकाचा पडदा बंद करावा. ग्राहकाच्या कागदाचे छायाचित्र आपल्या खासगी व्हॉट्सॲपवर ठेवू नये. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले की ती नष्ट करावी. गरज नसलेली माहिती मुळात मागूच नये. जेथे चालत असेल तेथे केवळ अखेरचे चार अंक दिसणारी आधारची प्रत द्यावी. कुतूहल म्हणूनदेखील ओळखीच्या माणसाची नोंद उघडून पाहू नये. हेरगिरी करू नका, ही सूरह अल्-हुजुरातमधील मनाई (४९ : १२) संगणकाच्या पडद्यापाशी थांबत नाही.

आणि एवढे करूनही माहिती फुटली, तर ते लपवू नये. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस, असे विचारून प्रेषितांनी फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. पाऊस पडला हा त्या विक्रेत्याचा दोष नव्हता. ओले धान्य झाकले हा होता. माहिती फुटल्याचे वेळेवर कळले तर माणूस आपले कार्ड बंद करू शकतो, बँकेला सावध करू शकतो, १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवू शकतो. कंपनीची अब्रू वाचविण्यासाठी त्याला अंधारात ठेवणे म्हणजे कोरड्या धान्याखाली ओले धान्य दडविणे होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गुपित राखणे म्हणजे गुन्हा झाकणे नव्हे. कंपनी लोकांना फसवीत असेल, कोणाचा हक्क मारीत असेल, तर योग्य अधिकाऱ्यासमोर साक्ष देणे ही खियानत नाही. साक्ष लपविणाऱ्याचे अंतःकरण पापी असल्याचे कुरआनने सांगितले आहे (२ : २८३).

त्या तरुणाला दिलेले उत्तर

दोन दिवसांनी तो आला तेव्हा हे सारे मी त्याच्यापुढे मांडले. कमिशनच्या प्रश्नावर मी त्याला ती हदीस सांगितली, जिच्यात अमानत सोपविणाऱ्याला ती परत करण्याचा आणि जो आपल्याशी खियानत करील त्याच्याशीही खियानत न करण्याचा आदेश आहे. शिवाय कमिशन अडविले ते कंपनीने. यादीतील यात्रेकरूंनी त्याचे काय बिघडविले होते? हिजरतच्या रात्री ज्या मक्कावासीयांनी प्रेषितांच्या (स.) हत्येचा कट रचला होता, त्यांच्याच नगरातील लोकांच्या ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या ज्याच्या त्याला पोहोचविण्यासाठी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवण्यात आले. शत्रूंच्या तावडीतून निघतानाही अमानतीला हिशेबाचे साधन बनविले गेले नाही.

‘नेक कामासाठी’ या कारणाला तर उत्तराचीही गरज नव्हती. जो प्रवास अल्लाहच्या घराकडे न्यावयाचा, त्याची सुरुवात कोणाच्या तरी खियानतीने कशी करावयाची?

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “आणि समजा, एखाद्याने आधीच दिली असेल तर?” तो कोणाविषयी बोलत होता हे मी विचारले नाही. मी सांगितले की, अल्लाहच्या हक्कातील चूक तौबाने माफ होते. माणसांच्या हक्कातील चुकीला मात्र हक्क परत करावा लागतो. जवळची प्रत नष्ट करावी, ज्याला दिली त्याच्याकडून परत घेण्याचा प्रयत्न करावा, कंपनीला कळवावे म्हणजे ती लोकांना सावध करील, आणि नुकसान झाले असेल तर भरपाई द्यावी. तरीही काही उरेलच. पुष्कळ नमाज, रोजे आणि जकात घेऊन कयामतच्या दिवशी येणारा, पण ज्यांचे हक्क मारले त्यांना आपली पुण्ये वाटता वाटता रिता होणारा माणूस, यालाच प्रेषितांनी (स.) खरा दिवाळखोर म्हटले आहे. ज्या हजारो लोकांची नावे त्या यादीत आहेत, त्यांच्यापुढे त्या दिवशी रांगेत उभे राहण्याची कल्पनाच पुरेशी आहे.

त्याने यादी दिली नाही. नव्या कंपनीने त्यानंतर त्याला बोलावले नाही. तो जुन्याच नोकरीत आहे आणि कमिशनची लेखी मागणी त्याने केली आहे. हा लेख लिहीपर्यंत ती रक्कम त्याला मिळालेली नाही. सत्याचे फळ लगेच हाती पडतेच असे नाही, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही.

पण त्या रात्री उठता उठता त्याने मला एक प्रश्न विचारला. “मौलाना, अम्मीने जकातसाठी मस्जिदीत अर्ज दिला होता. त्याला आधारची आणि पासबुकाची झेरॉक्स जोडली होती. ती आता कुठे असते?”

मला सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी कचेरीतील कपाट उघडले. उघडले म्हणण्यातही अतिशयोक्ती आहे, कारण त्याची किल्ली शेजारच्याच खिळ्याला लटकत असे. आत अनेक वर्षांचे अर्ज होते : विधवांचे, आजाऱ्यांचे, फीसाठी मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यांचे. आणि फलकावर लावलेले तरावीहचे वेळापत्रक मी काढून उलटे केले, तेव्हा त्याच्या मागे कोणा एका भगिनीच्या राशनकार्डाची प्रत होती. कोऱ्या बाजूचा कागद वाया जाऊ नये म्हणून आम्हीच तो वापरला होता. ती सूचना लिहिणारा हात माझा होता.

त्या भगिनीच्या घरी जाऊन मी माफी मागितली. तिने ती दिली, अल्लाह तिला उत्तम बदला देवो. विश्वस्त मंडळाने जुने अर्ज नष्ट केले, कपाटाला नवे कुलूप बसविले व त्याची किल्ली दोघांच्याच हाती राहील असे ठरविले. मदतीसाठी अर्ज करणाऱ्याकडून आता आधारची पूर्ण प्रत घेतली जात नाही. ही फार मोठी कामगिरी नव्हे; ती कितीतरी आधी व्हावयास हवी होती. मिंबरवरून अमानतीवर मी अनेक प्रवचने दिली होती आणि त्या मिंबरपासून ते कपाट फार तर वीस पावलांवर आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपणा प्रत्येकाच्या ताब्यात असे एखादे कपाट आहे. कोणाचे ते कार्यालयातील संगणकात असेल, कोणाचे दुकानाच्या गल्ल्यात, कोणाचे खिशातील भ्रमणध्वनीत. प्रत्येकजण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीबद्दल विचारले जाणार आहे. ते विचारले जाण्यापूर्वी आपणच एकदा ते उघडून पाहावे.

अल्लाह आम्हा सर्वांना अमानती ज्याच्या त्याला पोहोचविण्याची सद्बुद्धी देवो, आमच्या हातून कळत-नकळत झालेल्या खियानती माफ करो आणि ज्यांचे हक्क आमच्याकडे राहिले आहेत त्यांच्यासमोर आम्हाला कयामतच्या दिवशी लज्जित न करो. आमीन.